एकतीस मीटर मांजरपाट

मामाचं म्हापशाला कापडाचं दुकान आहे. चवथीच्या तोंडावर कोणता माल संपत आलाय ते दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम मी त्याला लिहून दिला. संपत आलेलं लाल, भरपूर असलेलं हिरवं. कन्सोलच्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन होऊ नयेत म्हणून कापडांची नावं रोमन लिपीत ठेवली, एवढी दूरदृष्टी मी दाखवली होती. त्यापुढे दृष्टी गेली नाही.

शुक्रवारी, बाजाराच्या ऐन गर्दीत, मामाचा फोन.

"अरे पुता, पॉपलिन संपलं म्हणून मी गिऱ्हाइकं परत पाठवतोय, आणि तुझं यंत्र म्हणतं ३१ मीटर!"

"मी मीटर लिहिलेच नाहीत, मामा."

"लिहिलेस! आधी डावीकडे बाण, मग कंस, मग ३१ एम. मांजरपाट ३१, अस्तर ३१. सुटिंगचे तागे छताला लागलेत, त्याला ३२. आणि दर ओळीच्या शेवटी शून्य एम. सुरुवातीला एकतीस आणि शेवटी शून्य, मधलं कापड गेलं कुठे?"

दुकानातल्या पोरावर आळ येण्याआधी मी पणजीहून बस पकडली.

टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या खिडकीला, रंग सांगायचा तर मजकुरातच खूण पेरावी लागते: एस्केप नावाचं न दिसणारं अक्षर, चौकटी कंस, आकडा आणि एम. ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा, ० म्हणजे झालं गेलं विसरून जा. यातल्या एमचा मीटरशी काही संबंध नाही, हे एखाद्या कापडवाल्याला पटवून बघा. असल्या खुणा रूढ झाल्या त्या १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० या टर्मिनल-यंत्रामुळे, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःला रंगच नव्हते. माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्सला त्या न सांगता कळतात. मामाच्या विंडोज १० लाही कळतात, पण प्रोग्रॅमने आधी रीतसर विचारायचं असतं: कन्सोलच्या मोडमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या आकड्यात, ४ मिळवायचा, की झालं. मी विचारलंच नव्हतं. मग त्याने खूण जशी आली तशी छापली, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी बाण काढून.

तो ४ मिळवण्याचाही मी आळस केला. पायथन या प्रोग्रॅमच्या भाषेतून सिस्टीमला एक रिकामी आज्ञा दिली तरी रंग सुरू होतात. दारावर नुसती थाप मारायची, आत जायचं नाही, आणि घरात दिवे लागतात.

दिवे लागले. मामाने चष्मा वर केला.

"पॉपलिन पांढरं आहे. लाल का दाखवतोस?"

मी इशाऱ्याबद्दल सांगितलं. मग जरा फुशारकी आली. म्हटलं, पूर्वी या खिडकीत १६ रंग होते, आता १ कोटी ६७ लाखांवर गेलेत. मामाने न बोलता शेड कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "निळ्याच्या बारा छटा आहेत. गिऱ्हाइकाला तेरावी हवी असते."

त्याच उत्साहात मी लाल नावांची यादी फाइलीत वळवली आणि बेळगावच्या घाऊक व्यापाऱ्याला पाठवून दिली. पडद्यावर रंग उमटला की खूण विरघळल्यासारखी वाटते. फाइलीत ती ठाण मांडून बसते. समोर टर्मिनल आहे की फाइल, हे प्रोग्रॅमने एका ओळीत विचारून घ्यायचं असतं आणि फाइल असेल तर रंग घरी ठेवायचे असतात. विचारणं हा माझा स्वभावच नाही, हे आतापर्यंत लक्षात आलं असेल.

मंगळवारी भर पावसात चोर्ला घाट उतरून टेम्पो आला. पॉपलिन ३१ मीटर, अस्तर ३१ मीटर, मांजरपाट ३१ मीटर. व्यापारी चोख माणूस, एक वीतही कमी नाही.

रात्री मी ती ओळ घातली, फाइल उघडून दोनदा तपासली आणि मामाला बोलावलं. त्याने पडद्यावरची लाल-हिरवी यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"रंग बरे आहेत. पण मीटर कुठे गेले?"

किती माल उरलाय हा रकाना मी मुळात केलाच नव्हता.

"आधीचंच बरं होतं," मामा दिवा मालवत म्हणाला. "निदान काहीतरी आकडा तरी सांगायचं."