स्टिकरवरच्या एचपीने गालिचा साफ होत नाही

ट्रकमाउंट, म्हणजे गाडीत बसवलेलं गालिचे धुण्याचं मशीन. त्याला पेट्रोल इंजिन कोणतं घ्यावं यावर एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. सार असं: "फक्त एचपी (अश्वशक्ती) बघा, एचपी जास्त तर सक्शन जास्त. गवत कापायच्या मशीनचं इंजिनही चालतं. लिक्विड-कूल्ड (कूलंट फिरवून थंड होणारं) मिळालं तर डोळे झाकून घ्या. कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) चालवा, इंजिन टिकतं. ऑइल सीझनला एकदा पुरे." मी लहान इंजिनं दुरुस्त करतो. हा सल्ला ऐकून फसलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एचपी जास्त तर सक्शन जास्त." हवा ओढतो तो ब्लोअर, म्हणजे इंजिनावर फिरणारा हवेचा पंप. रूट्स पद्धतीचा (आत दोन रोटर एकमेकांत फिरणारा) ब्लोअर दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो, आणि व्हॅक्यूम किती चढू द्यायचा ते रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. तोच ब्लोअर, त्याच पुल्या आणि तेच आरपीएम ठेवून 18 एचपीच्या जागी 25 एचपी बसवलं, तरी हवा तेवढीच येणार. इंजिन बदलल्यावर ज्यांचं सक्शन खरंच वाढलं, त्यांचं आधीचं इंजिन लोडखाली आरपीएम सोडत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग एचपी लागतो किती? ब्लोअरपासून सुरुवात करा. सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) गुणिले पीएसआय (दर चौरस इंचावरचा दाब, पौंडांत), भागिले 229, की एचपी मिळतो. ब्लोअर 12 इंच मर्क्युरी (पाऱ्याच्या उंचीत मोजलेला) व्हॅक्यूमवर, म्हणजे सुमारे 5.9 पीएसआयवर, 400 सीएफएम ओढत असेल तर निव्वळ हवेच्या कामालाच 10 एचपीच्या वर जातो. त्यावर ब्लोअरच्या आतली गळती, बेअरिंग, पट्टा यांचा खर्च वेगळा. पाण्याच्या पंपाची लोक उगाच धास्ती घेतात. 500 पीएसआयला मिनिटाला साडेसात लिटर पाणी सोडणारा पंप जेमतेम एक एचपी खातो.

आणि हा हिशेब कोणत्या एचपीशी जुळवायचा? होंडाचं जीएक्स 390 वर्षानुवर्षं 13 एचपी म्हणून विकलं गेलं. आज कंपनी स्वतःच त्याचा नेट आकडा 3600 आरपीएमला 11.7 देते. फरक मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीचा. आधीचा ग्रॉस आकडा मफलर, एअर क्लीनर न लावता काढतात, नेट ते लावून. अमेरिकेत गवत कापायच्या मशीनवर छापलेल्या एचपीवरून खटले झाले आणि 2010 मध्ये तडजोड झाली. म्हणून नेट आकडा मागा. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर चढलात की त्यातलाही साधारण 3.5 टक्के गेला असं धरा.

"गवत कापायच्या मशीनचं इंजिन चालतं." बसून चालवायच्या मशीनवर बहुधा उभ्या शाफ्टचं इंजिन असतं, आपल्याला आडवा शाफ्ट लागतो. तो जमवला तरी प्रश्न हवेचा आहे. गवताचं इंजिन मोकळ्या मैदानात फिरतं, आपलं बंद गाडीत एका जागी बसून तासन्‌तास लोड ओढतं. माझ्याकडे एक व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं इंजिन) आलं होतं, तक्रार अशी की दुपारनंतर बंद पडतं. वरची जाळी स्वच्छ, मालक ती रोज पुसायचा. पत्र्याचं कव्हर काढलं तर एका सिलिंडरच्या फिन्समध्ये (थंड करणाऱ्या पात्यांमध्ये) गालिच्याचा भुगा नमद्यासारखा थापून बसलेला, राखाडी, मधे दोन-चार लाल धागे. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर अख्खी वडी निघाली. त्या बाजूला हवा पोचतच नव्हती. ते कव्हर काढायला गाडीत हात शिरेल एवढी जागा आहे का, हे इंजिन घेण्याआधी बघा. मी तर एचपीच्या आधी हेच बघतो.

"लिक्विड-कूल्ड डोळे झाकून घ्या." यात अर्धं खरं आहे. तापमान स्थिर राहतं, आणि कूलंटची उष्णता पाणी तापवायला मिळते. ती लागतेही भरपूर: मिनिटाला 3.8 लिटर पाणी 60 अंशांनी तापवायला जवळजवळ 16 किलोवॅट हवेत. पण रेडिएटर गाडीच्या आतलीच तापलेली हवा परत ओढत असेल तर लिक्विड-कूल्ड इंजिनही उकळतं. छोट्या ब्लोअरवर एकाच वाँडने (गालिच्यावर फिरवायच्या नळीने) काम करणाऱ्याला एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, पुरतं.

"कमी आरपीएमवर इंजिन टिकतं." हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. एअर-कूल्ड इंजिनचा पंखा फ्लायव्हीलवरच असतो. आरपीएम उतरवले की थंड हवाही उतरली. ब्लोअरचं तर आणखी वाईट. वेग कमी आणि व्हॅक्यूम तेवढाच ठेवला तर हवा आतल्या फटींतून मागे फिरते, पुन्हा पुन्हा दाबली जाते आणि ब्लोअर तापतो. उत्पादकाने लोडसाठी सांगितलेल्या आरपीएमवरच चालवा.

राहिलं ऑइल. बहुतेक अशा इंजिनांना नेहमीचा बदल 100 तासांनी सांगितलेला असतो, पहिला त्याच्या बराच आधी. रोज सहा तास मशीन चालतं असं धरा: सतराव्या कामाच्या दिवशी ते 100 तास भरतात.