मावशीच्या हृदयाला एक टक्क्याचा हिशेब लागू होत नाही

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर नुकताच एक लांबलचक संदेश येऊन पडला. ‘घरातल्या सिगारेटच्या धुराची भीती हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे’ अशी त्याची सुरुवात होती आणि पुढे सहा मुद्दे होते. शेजारी बसणाऱ्याच्या अंगात ओढणाऱ्याच्या मानाने एक टक्काच धूर जातो, म्हणून धोकाही एक टक्काच. धुराचा संबंध फुफ्फुसांशी असतो, हृदयाशी नाही. २००३ साली लाखाहून अधिक अमेरिकनांच्या अभ्यासाने ही सारी भीती खोटी ठरवली. खिडकी उघडी असली की प्रश्न मिटतो. चूल, उदबत्ती आणि वाहने यांचा धूर याहून वाईट. आणि इतकी वर्षे धुरात काढलेल्या माणसाने आता जपून काही उपयोग नाही. असले संदेश मी एरवी न वाचताच सोडून देतो. हा मात्र माझ्या काकांनी पाठवला होता, जे रोज संध्याकाळी दिवाणखान्यात बातम्या बघत सिगारेटी ओढतात. आणि त्याखाली हात जोडल्याचे चिन्ह टाकून सहमती दर्शवली होती ती त्याच घरात राहणाऱ्या माझ्या मावशीने, जिने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही आणि जिच्या हृदयाच्या धमनीत अलीकडेच स्टेंट बसवावा लागला आहे. त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. निकोटीनपासून शरीरात कोटिनीन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो रक्तात, लाळेत किंवा लघवीत मोजला की शरीरात किती धूर गेला ते कळते. धूम्रपान करणाऱ्याबरोबर राहणाऱ्या, पण स्वतः न ओढणाऱ्या माणसाच्या शरीरात जाणारा धूर दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या तुलनेत खरोखरच एक टक्क्याच्या आसपास असतो. संदेश लिहिणाऱ्याने हा आकडा कुठून तरी बरोबर उचलला आणि त्यापुढे शाळकरी त्रैराशिक मांडून टाकले. हे त्रैराशिक हृदयाच्या बाबतीत चुकते, हे शास्त्रज्ञांना निदान १९९७ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लॉ, मॉरिस आणि वॉल्ड या तिघांनी एकोणीस अभ्यास एकत्र करून नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारला होता: धूर जर एक टक्का, तर हृदयविकाराचा धोका वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्म्याने का वाढतो?

त्यांचे आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. स्वतः कधीही न ओढलेल्या, पण ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्या माणसाचा हृदयविकाराचा धोका पासष्टाव्या वर्षी सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळला. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा धोका ३९ टक्क्यांनी जास्त होता, आणि दिवसाला वीस ओढणाऱ्याचा ७८ टक्क्यांनी. सिगारेटी वीसपट झाल्या तरी वाढीव धोका दुप्पटच झाला. म्हणजे धोक्याची रेघ सरळ चढत नाही. पहिल्या थोड्याशा धुरालाच ती झपकन वर जाते आणि मग हळूहळू चढत राहते. ओढणाऱ्यांच्या घरात आहारही कमी पोषक असतो, तेव्हा दोष धुराचा की ताटाचा, ही शंकाही या तिघांनी तपासली. आहाराचा वाटा सहा टक्के निघाला आणि तो हिशेबातून काढल्यावर (इथे वजाबाकी नव्हे, १.३० ला १.०६ ने भागायचे असते) धुराच्या खात्यावर २३ टक्के उरले. एवढी सवलत मी काकांना आनंदाने देतो. पुढे २०१८ मध्ये हॅकशॉ आणि सहकाऱ्यांनी त्याच साप्ताहिकात १४१ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही पुरुषांमध्ये दिवसाला एका सिगारेटने हृदयविकाराचा धोका ४८ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर वीस सिगारेटींनी तो दुपटीच्या थोडा वर गेला. वक्राचा आकार तोच आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे, पण तो त्या कमी झाल्या की काय होते एवढ्यापुरताच. रक्त गोठवण्याचे काम करणाऱ्या या पेशी तंबाखूच्या धुराने चिकट होतात, एकमेकींना आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला सहज बिलगतात, आणि या परिणामासाठी फार थोडा धूर पुरतो. त्यापुढे धूर कितीही वाढवला तरी चिकटपणा त्या प्रमाणात वाढत नाही. दुसरीकडे रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर, जे एरवी नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवते, ते धुराच्या संपर्कात नीट काम करेनासे होते. ओसाकातील संशोधकांनी २००१ मध्ये निरोगी तरुणांना फक्त तीस मिनिटे धूम्रपानाच्या खोलीत बसवून हृदयाच्या धमन्यांमधला रक्तप्रवाह सोनोग्राफीने मोजला. गरजेच्या वेळी प्रवाह वाढवण्याची न ओढणाऱ्यांची क्षमता त्या अर्ध्या तासात घसरून नेहमी ओढणाऱ्यांच्या पातळीला आली, आणि ओढणाऱ्यांच्या क्षमतेत काही फरक पडला नाही, कारण ती आधीच उतरलेली होती. काकांच्या बातम्या अर्ध्या तासात संपत नाहीत.

‘फुफ्फुसांचा प्रश्न, हृदयाचा नाही’ या दुसऱ्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २००४ या एका वर्षात दुसऱ्यांच्या धुरामुळे सुमारे ६,०३,००० माणसे दगावली, त्यांतले ३,७९,००० मृत्यू हृदयाला रक्त कमी पडण्याच्या विकाराने झाले होते आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने २१,४०० झाले होते. धुराचे नाव काढले की आपल्याला छातीचा एक्स-रे आठवतो, हा दोष आपल्या सवयीचा आहे.

२००३ चा अभ्यास मात्र खरा आहे, हे मान्य करावे लागते. एनस्ट्रॉम आणि कबाट यांचा तो लेख त्याच ब्रिटिश साप्ताहिकात छापून आला, त्यात १९५९ पासून १९९८ पर्यंतची कॅलिफोर्नियातील १,१८,०९४ प्रौढांची माहिती होती, आणि जोडीदाराच्या धूम्रपानाचा हृदयविकाराशी ठळक संबंध त्यात आढळला नाही. संदेशात न सांगितलेली गोष्ट अशी की निष्कर्ष या लाखभर लोकांवरून काढलेला नसून त्यांतल्या ३५,५६१ कधीही न ओढलेल्या विवाहितांवरून काढलेला होता. त्याहून मोठी अडचण तुलनेत आहे. ज्या काळात कचेरी, उपाहारगृह, विमान असा सगळीकडेच धूर होता, त्या काळात ‘जोडीदार ओढत नाही’ म्हणजे ‘धुरापासून दूर’ असे धरणे म्हणजे मुसळधार पावसात उभ्या असलेल्या दोघांपैकी कोण जास्त भिजला हे छत्री कोणाच्या घरी आहे यावरून ठरवण्यासारखे आहे. शिवाय त्याचा काही खर्च तंबाखू उद्योगाने उचलला होता. लेखात ते उघड सांगितलेले होते आणि केवळ पैसा कोणाचा यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण एका अभ्यासाच्या जोरावर बाकीचे सगळे मोडीत काढणाऱ्याने निदान हे दडवू नये.

आणि उद्योगाचेच म्हणणे ऐकायचे असेल तर तेही उपलब्ध आहे. अमेरिकी सरकारने भरलेल्या खटल्यात २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनी बड्या सिगारेट कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला, आणि बरीच वर्षे अपिले लढवल्यानंतर २०१७ च्या नोव्हेंबरपासून या कंपन्यांना स्वतःच्या खर्चाने वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर निवेदने द्यावी लागली. दुसऱ्याच्या धुरामुळे न ओढणाऱ्या प्रौढांना फुफ्फुसाचा कर्करोग आणि हृदयविकार होतो आणि या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले होते. सिगारेट विकणारे जे न्यायालयाच्या आदेशाने का होईना छापून मोकळे झाले, ते नाकारण्याची जबाबदारी आमच्या काकांनी अंगावर का घ्यावी?

खिडकीबद्दल थोडक्यात. घरात साठणारा बहुतांश धूर तोंडातून सोडलेला नसतो, तर दोन झुरक्यांच्या मधे सिगारेटच्या जळत्या टोकातून निघालेला असतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालाने वायुवीजन, हवा शुद्ध करणारी यंत्रे आणि एकाच इमारतीतली वेगळी जागा यांपैकी कशानेही न ओढणाऱ्याचे पूर्ण संरक्षण होत नाही, असा निष्कर्ष काढला आहे. गॅलरीत जाऊन ओढणे दिवाणखान्यापेक्षा बरे, यात वाद नाही, परंतु आपल्याकडच्या निम्म्या गॅलऱ्या सरकत्या काचा लावून खोलीतच घेतलेल्या असतात. चूल आणि वाहने यांचा धूर हृदयाला वाईट आहे, हेही खरेच. मावशीकडे गॅस आहे, चूल नाही. आणि रस्त्यावर धूर आहे म्हणून घरातही हवा, हा युक्तिवाद मला कळत नाही.

दिवाणखान्यावर एवढा जोर देण्याचे कारण असे की कायदा तिथे पोहोचत नाही. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे यांत धूम्रपानाला मनाई केली, २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांवरचे नियम कडक झाले. घर मात्र यात येत नाही, आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागत असल्याचे दिसले होते.

शेवटचा मुद्दा, ‘आता जपून काय उपयोग’, हा मावशीला पटला असावा अशी मला भीती आहे, आणि तोच सर्वांत सहज खोडता येतो. प्लेटलेटचा चिकटपणा हा वर्षानुवर्षे साठत गेलेला गाळ नाही. तो आजच्या धुराचा परिणाम आहे आणि धूर थांबला की उतरू लागतो. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली, तेव्हा नऊ रुग्णालयांत तीव्र हृदयविकाराने दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच दहा महिन्यांच्या तुलनेत १७ टक्क्यांनी घटली, तर ज्या इंग्लंडमध्ये तोवर बंदी नव्हती तिथे घट फक्त चार टक्के होती. पुढे इंग्लंडमध्ये बंदी आल्यावर तिच्यामुळे झालेली घट केवळ २.४ टक्के मोजली गेली, तेव्हा नेमके श्रेय किती द्यावे यावर मतभेद होऊ शकतात. पण स्कॉटलंडमध्ये सर्वाधिक फायदा कधीही न ओढलेल्यांना झाला: त्यांच्यात घट २१ टक्के होती, ओढणाऱ्यांत १४. मावशी याच पहिल्या गटातली आहे. तिच्या केसपेपरवर ‘धूम्रपान: नाही’ एवढेच लिहिलेले आहे, कारण घरात दुसरे कोणी ओढते का, हे तिला कोणी विचारलेले नाही. पुढच्या तपासणीला काका नेहमीप्रमाणे तिच्यासोबत जातील, तेव्हा हे डॉक्टरांना त्यांनीच सांगावे, असे मी त्या संदेशाखाली लिहिले आहे.