लायसन्सशिवाय ३०० मीटर? तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला खारघरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, हा आमचं ऐकत नाहीये, तूच बोल." हा म्हणजे माझा भाचा, वय १९, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. 'कमी बजेटमध्ये लाँग रेंज रायफल कशी निवडाल' असा एक लांबलचक मेसेज त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलाय. दोन दिवसांनी तोच ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एअर रायफलला, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या रायफलीला, लायसन्स लागत नाही. कॅलिबर (नळीच्या आतला व्यास, इंचात) मोठं आणि वेग जास्त तितका नेम अचूक, म्हणून .१७७ सोडा, .२२ घ्या. १२०० फूट प्रति सेकंदाची गन ३०० मीटरवरचं नाणं उडवते, ऑलिंपिकचीच तयारी होते. रायफल स्वस्त चालेल, पैसे स्कोपवर, म्हणजे वरच्या दुर्बिणीवर घाला. परदेशात .३०८ मागे पडली, ६.५ क्रीडमूर आली (ही दोन्ही मोठ्या रायफलींच्या काडतुसांची नावं). सराव गच्चीवर, येऊरला नाहीतर पारसिकच्या डोंगरावर करा. माकडं आणि कबुतरंही पळतील.

शिकवण्या घेऊन साठवलेले ३८ हजार रुपये भाचा यात घालणार होता.

मी कॉलेजात एन.सी.सी.मध्ये काडतुसाची .२२ रायफल चालवली, पुढे स्पर्धा खेळले, आणि गेली अकरा वर्षं ठाण्यात मुलांना १० मीटर एअर रायफल शिकवते. मला हे वाचून राग आला आणि अजून गेलेला नाही.

आधी लायसन्स, कारण पोरं इथेच फसतात. 'एअर रायफलला लायसन्स नको' हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. पण उरलेलं अर्धं शस्त्र नियम, २०१६ मध्ये छापलेलं आहे, आणि कोणालाही वाचता येतं. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७ पेक्षा जास्त असेल, किंवा नळीतून बाहेर पडताना छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर लायसन्स लागतं. .२२ ची नळी ५.५ मिलिमीटरची. म्हणजे '.२२ घ्या' आणि 'लायसन्स नको' ही दोन वाक्यं एकाच मेसेजात बसूच शकत नाहीत. विनापरवाना बंदूक घरात सापडली तर शस्त्र कायद्याचं कलम २५ लागतं, आणि त्यात तुरुंगवास आहे. १९ वर्षांच्या मुलाच्या पासपोर्टचं, नोकरीच्या पोलीस पडताळणीचं काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला होता का?

१२०० फुटांचं गणित तर मी भाच्यालाच करायला लावलं. १२०० फूट म्हणजे सेकंदाला ३६६ मीटर. .१७७ चा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर ३३ जूल. मर्यादा २०! त्यामुळे जाहिरातीतला वेग खरा असेल तर लायसन्स लागतं, आणि लायसन्स लागत नसेल तर वेग खोटा आहे. त्याने दोनदा कॅल्क्युलेटर दाबला आणि गप्प बसला.

आता ते ३०० मीटरवरचं नाणं. २० जूलमध्ये अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सुरुवातीला सेकंदाला साधारण २८३ मीटरने निघतो. हवेचा अडथळा शून्य धरला तरी ३०० मीटर जायला त्याला सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो साडेपाच मीटर खाली येतो, म्हणजे जवळजवळ दोन मजले. हवा तर त्याला ब्रेक लावतच असते, त्यामुळे प्रत्यक्षातली घसरण याहून कितीतरी मोठी. वेग वाढवून नेम सुधारतो हेही उलटंच आहे. कमरेत बारीक असलेला हा छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की डगमगायला लागतो. स्पर्धेच्या रायफली म्हणूनच मुद्दाम मंद ठेवलेल्या असतात, सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते १० मीटरवर, आणि तिथे दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटरवर, .२२ च्या काडतुसाने. ऑलिंपिकमध्ये ३०० मीटर रायफल शेवटची १९७२ ला झाली.

स्कोपचं एका वाक्यात: या रायफल स्पर्धांमध्ये दुर्बीण चालत नाही, पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचं साधन, लागते. शिवाय स्प्रिंगची एअर रायफल पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते, त्यात साधा स्कोप काही दिवसांत खिळखिळा होतो.

क्रीडमूरबद्दलचं बरंचसं खरं आहे, तेही सांगते. २००७ मध्ये आलेलं हे काडतूस लांबवर .३०८ पेक्षा कमी घसरतं, वारा कमी खातं, खांद्याला झटका कमी देतं. .३०८ ची नळी मात्र जास्त काळ टिकते. पण खारघरच्या पोराला त्याचा काय उपयोग? ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसतं, ती आपल्याकडे प्रतिबंधित शस्त्रांत मोडते, आणि .३०८ मध्ये ते बसतं. तिथली निवड तिथल्या लोकांची.

शेवटच्या ओळीवर मात्र मी हात जोडून सांगते, ती खोडा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणंही गुन्हा आहे, माकडावर नेम धरणं तर दूरच. पारसिकच्या उतारावर वस्ती आहे. आणि गच्ची! समोरच्या इमारतीत कोणी कपडे वाळत घालत असतं, खाली मुलं खेळत असतात. मी रेंजवर मुलांना रायफल हातात देण्याआधी दोन आठवडे फक्त एवढंच शिकवते की नळी कुठे बघतेय. अर्ध्या ग्रॅमचा तो छर्रा डोळा कायमचा घालवतो. .२२ चं काडतूस तर दीड किलोमीटरच्याही पुढे जातं.

३८ हजारांत काय करायचं, हे भाच्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, आत्ता रायफल घेऊच नकोस. क्लबची रायफल वापर, प्रशिक्षणाची फी भर, छर्ऱ्यांचे डबे घे, पुढे नेमबाजीचं जॅकेट घे. सहा महिने उभं राहून बघ, मग बोलू. एवढ्यावर तो ऐकेना. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, विकणाऱ्याला एकच मेसेज टाक: बिलावर नळीचा व्यास आणि जूल दोन्ही लिहून, सही-शिक्का मारून द्याल का?

उत्तर लगेच आलं: "तेवढं कोण बघतंय सर, तुम्ही पैसे पाठवा."

तो स्क्रीनशॉट त्याने स्वतःच कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.