बंद गॅरेजमध्ये रोज दहा मिनिटं गाडी चालू ठेवायला सांगणारा तो मेसेज

‘गाडी सहा महिने बंद ठेवताय? शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत असे आठ उपाय!’ हा मेसेज सध्या फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. मी तो दोनदा वाचून सोडून दिला होता. पण माझ्या मावशीकडे काकांनी तो अमलात आणायला घेतला, म्हणून आता लिहिणं भाग आहे.

मावसभाऊ कामासाठी जर्मनीत आहे. त्याची सेकंडहँड घेतलेली पोर्श बॉक्स्टर, २००९ची, कापडी छपराची स्पोर्ट्स कार, पुण्यात प्रभात रोडवरच्या घरी खालच्या गॅरेजात उभी आहे. काका रोज सकाळी खाली जायचे, पाऊस आत येतो म्हणून शटर अर्ध्यावर ओढायचे आणि मेसेजच्या पहिल्या मुद्द्याप्रमाणे दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. गॅरेजच्या बरोबर वर मावशीची झोपायची खोली. ‘हल्ली सकाळी डोकं फार जड असतं रे,’ असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा मला हा सगळा प्रकार कळला. तिचं डोकं कशाने दुखतंय हे डॉक्टर ठरवतील. गाडी मात्र मी त्याच दिवशी बंद करायला लावली.

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते; प्रमाण वाढलं तर माणूस झोपेतच जातो. ‘शटर अर्धं उघडं असतं की,’ हे काकांचं म्हणणं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने गॅरेजात हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. मोठं दार उघडं असताना गाडी फक्त दोन मिनिटं चालू ठेवली, तर आतलं प्रमाण ५०० पीपीएमवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०० भागांवर गेलं. गाडी बाहेर काढून दहा तास झाल्यावरही गॅरेजात हा वायू मोजता येईल इतका शिल्लक होता. जागतिक आरोग्य संघटनेची पंधरा मिनिटांसाठीची मर्यादा साधारण ९० पीपीएम आहे. दोन मिनिटांत ५०० होत असेल, तर अर्ध्या शटरमागे दहा मिनिटांत काय होईल याचा विचार प्रत्येकाने करावा.

काकांचा दुसरा मुद्दा होता की गाडीची पीयूसी झालेली आहे आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही आहे. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. शिवाय थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे धूर सगळ्यात विषारी असतो तो पहिल्या काही मिनिटांतच. पीयूसीचा आकडा असतो तापलेल्या इंजिनाचा. ज्यांच्या सोसायटीत बेसमेंट पार्किंग आहे, त्यांनी तर हे वाक्य वॉचमनपर्यंत पोचवावं. पार्किंगमधल्या गाड्या चालू करून ठेवायला बरेचदा त्यालाच सांगितलेलं असतं.

एवढा धोका पत्करून गाडीचं तरी भलं होतं का? तेही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. रस्त्यावर सायलेन्सर तापतो आणि त्याची वाफ निघून जाते. उभ्या गाडीत तेच पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, इंजिन ऑईलमध्ये मिसळतं, आणि न जळलेलं थोडं पेट्रोलही ऑईलमध्ये उतरतं. स्टार्टरने बॅटरीतून जेवढं खेचलं, तेवढं दहा मिनिटं इंजिन जागच्या जागी चालवून भरून येईलच असं नाही. म्हणजे सायलेन्सर, ऑईल आणि बॅटरी, ज्या तीन गोष्टी वाचवायला हा उपाय सांगितलाय, त्या तिन्ही रोज थोड्या थोड्या खराब होतात. चालवणारा कोणी असेल तर पाऊस उघडल्यावर गाडी बायपासला नेऊन चांगली अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. ते जमत नसेल तर चावीला हातच लावू नका.

आता दुसरा मुद्दा, जो वाचून मला अक्षरशः घाम फुटला: ‘ब्रेक डिस्कवर खोबरेल तेलाचा हात फिरवा, गंज चढत नाही.’ ब्रेक लागतो तो पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणाने. तेल पॅडमध्ये मुरतं आणि पुसून निघत नाही. सहा महिन्यांनी मुलगा विमानतळावरून घरी येणार, हौसेने गाडी बाहेर काढणार आणि पहिल्याच चौकात ब्रेक लागणार नाही. डिस्कवर पावसाळ्यात येणारा तांबूस थर वरवरचा असतो. हळू चालवत पाच-सात वेळा ब्रेक दाबला की तो निघून जातो. कोणी तेल लावलं असेल तर गाडी हलवण्याआधी गॅरेजवाल्याला बोलवा, पॅड बदलावे लागतील.

बॅटरीची वायर काढून ठेवा, हा मुद्दा अर्धा बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. साध्या गाडीला तो चालतो. पण या बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि त्या डिकीचं लॉक विजेवर उघडतं. वायर काढून झाकण लावलं की बॅटरीपर्यंत पोचायची नेहमीची वाटच बंद. मग पायापाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधलं टर्मिनल बाहेर ओढायचं, दुसऱ्या बॅटरीच्या केबल लावून तात्पुरती वीज द्यायची आणि डिकी उघडायची. हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, पण ते आधी वाचलेलं असावं लागतं. दरवाज्याची काचही दार उघडताना विजेवर थोडी खाली येते. वीज नसेल तर ती छपराच्या रबराला घासत निघते. अशा गाडीला बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवणं हाच मार्ग. त्याला भिंतीवरचा एक सॉकेट लागतो, बस.

‘बॉनेट उघडून इंजिनावर डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या ठेवा.’ उंदरांचा त्रास खरा आहे. पेठांपासून बाणेरपर्यंत वायरी कुरतडलेल्या गाड्या गॅरेजात येत असतात. पण बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे आहे, पुढच्या झाकणाखाली सामान ठेवायची जागा. काकांनी गोळ्या तिथेच ठेवल्या होत्या. मेसेज लिहिणाऱ्याने अशी गाडी कधी उघडून पाहिली असेल असं वाटत नाही. आसपासचा कचरा काढा, पिंजरा लावा, सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला अडकवा.

बाकीचं थोडक्यात. हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत ब्रेक चिकटून बसतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. टाकी रिकामी करू नका, रिकाम्या जागेत दमट हवा भरते आणि आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकी भरा आणि पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं फ्युएल स्टॅबिलायझर घाला. गाडी विटांवर चढवणं तर नकोच, वीट फुटली आणि खाली कोणी असेल तर? टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, तीही मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत. ऑईल परत आल्यावर नव्हे, उभी करण्याआधी बदला. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की आत बुरशी धरते. सुती कव्हर घाला. आणि कापडी छप्पर पूर्ण वाळवून, लावलेल्या अवस्थेत ठेवा, घडी करून नव्हे. छपराच्या मागच्या कडेला पाणी जायच्या नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर त्यात गुलमोहराची बारीक पानं गच्च बसतात आणि पाणी थेट आत उतरतं. त्या साफ करून घ्या.

शेवटचा मुद्दा, ‘गाडी रस्त्यावर नाही तर इन्शुरन्स कशाला भरायचा?’ मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. आणि उभ्या गाडीला काही होत नाही असं पुण्यात तरी कोणी म्हणू नये. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात सोसायट्यांच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्याच वाहून गेल्या. जुलै २०२४ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाही पार्किंगच बुडालं. बॉक्स्टर जमिनीपासून वीतभरही उंच नाही, तिच्यात पाणी सगळ्यात आधी शिरणार. पॉलिसी चालू ठेवा, आणि गाडी बेसमेंटमध्ये असेल तर पावसाळ्यापुरती वरच्या पार्किंगमध्ये जागा मागून घ्या.