कंडिशनरमध्ये रिलॅक्सर नसतो. केस बिघडतात ते उष्णतेने

न्यूयॉर्कमध्ये राहायला आलेल्या कुरळ्या केसांच्या मुलीला पहिल्या काही महिन्यांतच एक इशारा ऐकायला मिळतो. डॉमिनिकन सलूनमध्ये, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या बायकांच्या सलूनमध्ये, जाऊ नकोस, तिथे कंडिशनरमध्ये गुपचूप रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारे रसायन, मिसळतात, म्हणून तर केस इतके सरळ होतात आणि एकदा गेलेला कुरळेपणा परत येत नाही, असा तो इशारा. आफ्रिकन-अमेरिकन बायकांमध्ये तो वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि आता इथल्या मराठी मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतही पुढे पाठवला जातो. त्यात चार गोष्टी असतात. रसायनाशिवाय इतके कुरळे केस सरळ होणे शक्य नाही. धुतल्यावर बटा परत येत नाहीत हाच पुरावा. सलूनमध्ये टाळू भाजते आणि उग्र वास येतो. आणि गिऱ्हाइकाला स्पॅनिश येत नाही याचा फायदा घेऊन हे सगळे केले जाते. शेवटी सल्ला दिलेला असतो की स्वतःचे कंडिशनर बरोबर न्या, म्हणजे धोका टळला. मी सहा वर्षे न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन हाइट्स या डॉमिनिकन वस्तीत राहते, माझे केस दाट कुरळे आहेत आणि १८१व्या रस्त्याच्या आसपासच्या एका सलूनमध्ये मी नियमाने जाते. या चारही गोष्टी तपासून पाहिल्या तर टिकत नाहीत. पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्या सल्ल्याची, कारण तो तंतोतंत पाळूनही केस बिघडतात.

रसायनाशिवाय केस इतके सरळ होणारच नाहीत, असे म्हणणाऱ्याने ही पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिलेली नसावी. केस दोनदा धुतात, मग 'रिन्स' लावतात. डॉमिनिकन बायका कंडिशनरला याच नावाने ओळखतात. गुंता काढला की ओल्या केसांचे छोटे छोटे भाग करून प्रत्येक भाग ताणून मोठ्या प्लॅस्टिकच्या रोलरवर गुंडाळतात. यांना 'रोलोस' म्हणतात, आणि ताण इतका असतो की पहिल्या खेपेला माझ्या भुवया वर ओढल्यासारख्या झाल्या होत्या. त्यानंतर घुमटासारख्या ड्रायरखाली तासभर बसायचे, केस दाट असतील तर आणखी जास्त. रोलर काढतात तेव्हा केस जवळजवळ सरळ झालेले असतात, फक्त मुळांशी थोडी लाट उरते. ती काढण्यासाठी गोल ब्रश आणि हातातला ड्रायर, म्हणजे 'ब्लोअर'. काही ठिकाणी त्यावर पुन्हा 'प्लांचा', म्हणजे स्ट्रेटनर फिरवतात. रात्री झोपताना केस डोक्याभोवती चपटे गुंडाळून पिना लावतात आणि वर जाळी बांधतात. हा 'तूबी' केला की केस आठवडाभर बसलेले राहतात.

यात जे घडते ते आपल्या घरांत रोज घडत आले आहे. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की सुरकुती जाते, कारण पाण्याने तंतूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि कापड ताणलेले असताना ते वाळले की तेच बंध नव्या जागी जुळतात. केस कापसाचे नसून केराटिन या प्रथिनाचे असतात, पण हे बंध केसांतही असतात आणि पाण्याने तसेच सुटतात. ओला केस रोलरवर ताणून वाळवला की तो त्या मोठ्या गोलाईचा आकार धरतो. रिलॅक्सरचे काम पूर्णपणे वेगळे आहे. त्यातला सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, किंवा त्याच जातीचा दुसरा अल्कली केसांतले गंधकाचे बंध तोडतो. हे बंध पाण्याने सुटत नाहीत आणि एकदा तुटले की धुण्याने परतही येत नाहीत. म्हणूनच रिलॅक्सर केलेल्या बाईला पावसाची भीती नसते. डॉमिनिकन सलूनमधून बाहेर पडणाऱ्या बायका मात्र आभाळ भरून आले की पर्समधून प्लॅस्टिकची टोपी काढतात. घामाने आणि दमट हवेने मुळे पुन्हा वळायला लागतात, ही त्यांची नेहमीची तक्रार असते. कंडिशनरमध्ये रिलॅक्सर असता तर ही टोपी कशासाठी लागली असती?

'मिसळणे' ही कल्पनाच केसांच्या रसायनशास्त्रात बसत नाही. रिलॅक्सरचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, १२ किंवा त्याहून वर असतो, म्हणजे तो तीव्र अल्कली आहे. तो लावण्याआधी टाळूला पेट्रोलियम जेली लावतात, घड्याळ लावून मिनिटे मोजतात आणि नंतर आम्ल शाम्पूने तो निष्प्रभ करावा लागतो. यातला एकही टप्पा बेसिनवरच्या दोन मिनिटांच्या रिन्समध्ये नसतो. केस सरळ होतील इतका अल्कली त्यात घातला तर टाळूची आग होईल, आणि आग होणार नाही इतका कमी घातला तर केस सरळ होणार नाहीत. शिवाय त्या बेसिनवर शनिवारी एकामागून एक डोकी येतात. कुणाचे केस ब्लीच केलेले असतात, कुणी थायोग्लायकोलेट या रसायनाने पर्म केलेले असते, आणि अशा केसांना हायड्रॉक्साइड लागला तर ते तुटून हातात येतात. एकाच बाटलीतून सगळ्यांचे केस धुणाऱ्या सलूनमध्ये ही मिसळ असती तर पहिल्याच शनिवारी गोंधळ माजला असता.

ज्यांना तरीही शंका आहे त्यांनी पीएच मोजायच्या पट्ट्या घ्याव्यात, त्या अगदी स्वस्तात मिळतात. मी मागच्या वर्षी एक घेऊन गेले होते. केस धुणाऱ्या बाईंना मी तळहातावर थोडा रिन्स मागितला, आणि पट्टी का हवी आहे ते माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले. त्या रागावल्या नाहीत. 'मि आमोर, बघ, बघ' म्हणत त्यांनी बाटलीच माझ्या हातात दिली. पट्टी नारिंगी-पिवळी राहिली, म्हणजे रिन्स आम्लधर्मी होता, जसे कंडिशनर असायला हवे. रिलॅक्सरने ती गडद निळी झाली असती. एका बाटलीवरून मी शहरातल्या प्रत्येक सलूनची हमी देत नाही. कुणाला खरोखर संशय असेल तर तिने बाटली पाहावी, पट्टी लावावी आणि मग त्या सलूनबद्दल बोलावे. एका समाजाच्या सगळ्या सलूनबद्दल नव्हे.

आता दुसरा मुद्दा, जो सर्वांत गंभीर आहे. धुतल्यावर बटा परत आल्या नाहीत असे सांगणाऱ्या बायका खोटे बोलत नाहीत. नुकसान खरे आहे, फक्त गुन्हेगार चुकीचा धरला आहे. केसाच्या गाभ्यातले केराटिन कोरड्या अवस्थेत साधारण २३० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळल्यासारखे मोडते, आणि बाजारातले कितीतरी स्ट्रेटनर नेमक्या २३० अंशांपर्यंत जातात. केस ओलसर असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते. त्यातच केसात अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि आतमध्ये बुडबुडे तयार होतात. त्वचारोगाच्या पुस्तकांत याला बुडबुड्यांचा केस असेच नाव आहे. असा केस पोकळ होतो, वळत नाही आणि तुटतो. एकदा मोडलेली रचना कोणत्याही तेलाने किंवा मास्कने परत उभी राहत नाही.

आणि नुकसान कुठे दिसते हे पाहिले की कारण ओळखता येते. रिलॅक्सर ज्या दिवशी लावला त्या दिवशी मुळांजवळून टोकापर्यंत सगळा केस सरळ होतो, आणि महिनाभराने मुळाशी नवा कुरळा केस आणि त्याखाली सरळ केस अशी स्पष्ट सीमा दिसते. उष्णतेचे नुकसान असे सरसकट नसते. ते टोकांना आणि चेहऱ्याजवळच्या बटांना जास्त असते, कारण तिथे स्ट्रेटनर तीन-तीनदा फिरतो, आणि मागच्या बाजूला बटा अजून शाबूत असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक अडीच वर्षांचे असते, आणि दर आठवड्याला सलूनमध्ये जाणाऱ्या बाईच्या त्या टोकाने तोवर शंभराहून जास्त वेळा ड्रायरची उष्णता सोसलेली असते. मुळाजवळच्या सेंटिमीटरने चार-पाच वेळाच सोसलेली असते. माझ्या स्वतःच्या कपाळावरच्या दोन बटा तीन वर्षांपूर्वी अशाच गेल्या. त्या वेळी माझे कंडिशनर माझेच होते, घरून नेलेले.

टाळू भाजण्याचा आणि वासाचा मुद्दा लवकर संपतो. ड्रायरची गरम हवा तासभर एकाच जागी लागते आणि ब्लोअरचे तोंड मुळांशी टेकते, तेव्हा कातडी भाजते. अमोनियाचा वास बहुधा शेजारच्या खुर्चीवर चाललेल्या रंगाचा असतो, आणि धूर दिसतो तो वाफेचा आणि केसांवरच्या तेलाचा. भाजले तर मात्र तिथल्या तिथे सांगावे. गप्प बसून सोसायचे काही कारण नाही.

लपवाछपवीचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. रिलॅक्सरला स्पॅनिशमध्ये 'देसरिसादो' म्हणतात, आणि तो शब्द या सलूनच्या दरपत्रकावर वेगळ्या ओळीत, वेगळ्या आणि जास्त किमतीला लिहिलेला असतो. ज्याचे जास्त पैसे मिळतात ते काम कुणी फुकटात, चोरून का करेल? बहुतेक गिऱ्हाइकेही डॉमिनिकनच असतात. आया मुलींना घेऊन येतात, आज्या दर शुक्रवारी ठरलेल्या खुर्चीत बसतात. भाषेचा अडथळा आहे तो माझ्यासारखीला, त्यांना नाही. १९६१ मध्ये त्रुहियोची हुकूमशाही संपल्यावर डॉमिनिकन रिपब्लिकमधून न्यूयॉर्कला येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि त्यांतल्या कितीतरी बायकांनी याच खुर्च्यांमागे उभे राहून घरे चालवली. पुराव्याशिवाय त्यांना फसवणूक करणाऱ्या ठरवणे अन्यायाचे आहे.

याचा अर्थ या सलूनवर टीका करू नये असा नाही. कुरळ्या केसांना 'पेलो मालो', म्हणजे वाईट केस, म्हणण्याची सवय तिथे खोलवर रुजलेली आहे आणि ती वर्णभेदातून आलेली आहे. त्यावर सर्वांत ठाम उत्तर डॉमिनिकन बायकांनीच दिले. कॅरोलिना कॉन्त्रेरास यांनी सांतो दोमिंगोत 'मिस रिसोस' हे कुरळे केस कुरळेच ठेवणारे सलून सुरू केले. ही टीका केसांकडे पाहण्याच्या नजरेवर आहे, बाटलीत काय मिसळले आहे यावर नाही.

ही अफवा इतकी टिकली याचे एक कारण मला नावांतल्या सारखेपणात दिसते. 'ब्राझिलियन' नावाने विकल्या जाणाऱ्या स्मूदनिंगमध्ये रसायन असते. त्यातल्या फॉर्माल्डिहाइडबद्दल अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, २०११ मध्ये धोक्याची सूचना काढली होती. मुंबई-पुण्यातल्या पार्लरांत 'केराटिन' म्हणून जे करतात ते याच जातीचे असते. डॉमिनिकन पद्धत त्या जातीची नाही. दुसरे कारण जास्त न्याय्य आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. अशा बातमीनंतर बायका घाबरल्या तर त्यात नवल नाही. पण रसायनाची भीती मनात इतकी भरते की 'रसायन नाही' एवढे ऐकल्यावर त्या निर्धास्त होतात आणि २३० अंशांच्या स्ट्रेटनरखाली मान वाकवतात.

म्हणून स्वतःचे कंडिशनर नेण्यापेक्षा दुसरी काळजी घ्यावी. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ड्रायरचे अंतर बदलून केस तपासले. १५ सेंटिमीटरवर केसाचे तापमान ४७ अंश होते आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश, आणि अंतर कमी झाले तसे पृष्ठभागाचे नुकसान वाढले. ते केस आपल्याइतके कुरळे नव्हते, त्यामुळे कुरळ्या केसांनी जास्तच जपावे. या सगळ्या पद्धतीत रोलर आणि घुमटाचा ड्रायर हा सर्वांत सौम्य भाग आहे, आणि तेवढ्यावर थांबता येते. मी खुर्चीत बसतानाच 'सोलो रोलोस, सिन प्लांचा' म्हणते, म्हणजे फक्त रोलर, स्ट्रेटनर नको. जाणे आठवड्यावरून महिन्यावर आणले आहे. परवा रोलर काढताना बाईंनी माझ्या मानेवरच्या केसांना हात लावला, ते अजून दमट होते. ब्लोअर उचलण्याऐवजी त्यांनी ते चार रोलर पुन्हा गुंडाळले आणि मला आणखी दहा मिनिटे ड्रायरखाली बसवले.