मंडळात मतपेटी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या तालुक्यातल्या फुटबॉल पाठीराखे मंडळाने यंदा पदाधिकारी गुप्त मतदानाने निवडावेत, असं मी मागच्या लेखात मांडलं होतं. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हणता, ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, बाजार समिती या निवडणुकांनी गावं आधीच फाटली आहेत, आता पोट्ट्यांच्या खेळात तरी ते आणू नका. जो खिशातले पैसे घालतो, सामन्याला गाडी काढतो, त्याच्याच हाती मंडळ राहू द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात मतदान न होता सर्वसहमतीने कारभार चालतो आणि गाव देशभर नावाजलं. स्पेनच्या रिअल माद्रिद या फुटबॉल क्लबचा अध्यक्षसुद्धा बिनविरोध येतो, तरी युरोपचे कप त्यांच्याच कपाटात जातात. शेवटचं वाक्य होतं, "शिकल्या-सवरल्या माणसानं गावात नवं भांडण लावू नये."

तुमच्या गावच्या मंडळासाठी तुम्ही किती राबता हे मला ठाऊक आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

निवडणुकीने गाव फाटतं, हे मी नाकारत नाही. सख्खे भाऊ दोन पॅनलमध्ये गेले आणि त्या वर्षी पोळ्याला एका तोरणाखाली बैल उभे करेनात, हे आपल्याकडे घडलेलं आहे. पण निवडणूक नसली की भांडणच नसतं, हे मला पटत नाही. एका गावात दोन दुर्गा मंडळं कशी होतात ते आठवून पाहा. कोणीतरी वर्गणीचा हिशोब विचारतो, त्याला धड उत्तर मिळत नाही. पदाधिकारी बदलायची काही सोय नसते, म्हणून पुढच्या वर्षी चौकाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा मांडव पडतो. तिथे मतपेटी कधीच आली नव्हती, तरी मंडळ फुटलंच.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो, कारण माझा आग्रह तिथून आला आहे. मागची वार्षिक सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. अध्यक्षपदासाठी एकच नाव पुढे आलं आणि ते गृहस्थ समोरच खुर्चीवर बसले होते. "कोणाची हरकत?" असा पुकारा झाला. खाली सतरंजीवर त्यांचाच सालगडी बसला होता. हा पोट्टा आमच्या प्रत्येक सामन्याला डफडं वाजवतो. आदल्या आठवड्यात त्याने माझ्याजवळ तळमळून सांगितलं होतं की बाहेरगावच्या सामन्याला गाडीत जागा कोणाला द्यायची, हे दरवेळी दोन-तीन घरंच ठरवतात, ते बदललं पाहिजे. पुकारा झाला तेव्हा त्याने मान खाली घातली आणि चपलेचा पट्टा चाचपत बसला. टाळ्या वाजल्या. इतिवृत्तात "सर्वानुमते निवड" अशी नोंद झाली.

भाऊ, गुढीपाडव्याला ज्याच्याकडून वर्षाची उचल घेतली, त्याच्या तोंडावर हात वर करून "माझी हरकत आहे" असं त्या पोट्ट्याने कसं म्हणायचं? खुर्चीवरचे गृहस्थ वाईट नाहीत. ते मंडळासाठी खर्चही करतात. पण त्यांचा सालगडी आणि मंडळाचा सभासद ही एकाच माणसाची दोन नाती आहेत, आणि हात वर करायच्या पद्धतीत पहिलं नातं दुसऱ्याला गिळून टाकतं. घडी घातलेली चिठ्ठी डब्यात टाकली तर ती कोणाची हे कळत नाही. मला एवढंच संरक्षण हवं आहे, आणि ते त्याच्यासाठी हवं आहे.

मेंढा-लेखाचं उदाहरण तुम्ही दिलंत याचा आनंद झाला, कारण तो आपल्या विदर्भाचा अभिमान आहे. पण तिथे चालतं काय ते पूर्ण पाहू. कुठलाही विषय ग्रामसभेत येण्याआधी अभ्यास गटात त्याच्यावर खल होतो. सभेत गावातल्या प्रौढ बाया-माणसांनी बसायचं, आणि एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलून पुन्हा बोलायचं. तिथे एकटा माणूस अख्ख्या गावाला थांबवू शकतो. आपल्याकडच्या बिनविरोध निवडीत तसं होतं का? चार जण कोणाच्या तरी ओसरीवर बसून नाव ठरवतात आणि सभेत ते फक्त वाचून दाखवतात. तुमचं मंडळ मेंढ्यासारखं बसायला, विषय तीनदा पुढे ढकलायला, एकट्या बाईच्या हरकतीवर थांबायला तयार असेल, तर मी मतपेटीचा हट्ट आजच सोडतो. ती पद्धत मतदानापेक्षा अवघड आहे, आणि उजवी आहे.

पैशाचा मुद्दा. "ज्याचा खर्च त्याचा हक्क" हे ऐकायला रास्त वाटतं. पण तुमच्या-माझ्या पतसंस्थेत एक शेअर असलेल्याला एक मत आणि शंभर असलेल्यालाही एकच मत, हे आपण १९६० च्या सहकार कायद्यापासून मान्य केलं आहे. लंडनमधला एएफसी विम्बल्डन हा क्लब पाठीराख्यांनी याच तत्त्वावर चालवला. २००२ मध्ये त्यांचा जुना क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली. तेव्हा पाठीराख्यांनी खालच्या पायरीवरून नवा क्लब उभा केला, आणि २०११ मध्ये तो पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये पोचला. क्लबवर ताबा पाठीराख्यांच्या ट्रस्टचा, ट्रस्टचं मंडळ सभासदांनी निवडलेलं, प्रत्येकाला एक मत. पुढे नव्या मैदानाचे पैसे कमी पडले. तेव्हा बाहेरच्या पैसेवाल्याच्या हाती बहुमत जाऊ नये म्हणून पाठीराख्यांनीच कर्जरोखे घेऊन ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये क्लब आपल्या जुन्या भागात परतला. ज्याने जास्त रोखे घेतले त्याला जास्त मतं मिळाली नाहीत. गाडी काढणाऱ्याचा मान मंडळाने जरूर ठेवावा, त्याचे डिझेलचे पैसे वेळेवर चुकते करावेत. मत मात्र त्यालाही एकच.

रिअल माद्रिदचं तुम्ही खरं लिहिलंत. फ्लोरेंतिनो पेरेझ २०१३, २०१७, २०२१ आणि २०२५ मध्ये बिनविरोध अध्यक्ष झाले, आणि त्या काळात संघाने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, सहा वेळा जिंकली. पण समोर कोणी उभं का राहत नाही? तिथे उमेदवाराला २० वर्षांचं सभासदत्व लागतं आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी स्वतःच्या मालमत्तेवर द्यावी लागते. सभासदत्वाची अट २०१२ मध्ये, पेरेझ अध्यक्ष असतानाच, १० वरून २० वर्षांवर गेली. एवढी हमी देणारे अख्ख्या स्पेनमध्ये किती निघतील? दार एवढं अरुंद केलं की बिनविरोध आपोआप होतं. स्पेनच्याच बार्सिलोना क्लबातही सभासदच अध्यक्ष निवडतात, आणि तिथे निवडून आलेल्यांनी क्लबला कर्जात बुडवलं, हेही मी लपवणार नाही. पण २०२० मध्ये सभासदांनी अविश्वासाच्या मतदानासाठी लागणाऱ्या १६,५२० पेक्षा जास्त सह्या गोळा केल्या आणि मतदानाआधीच अध्यक्ष बार्तोमेऊ यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्या मार्चमध्ये ५५ हजारांहून जास्त सभासदांनी मत दिलं. चुकीचा माणूस निवडून येणं कोणत्याच पद्धतीत टळत नाही. त्याला मुदतीआधी उतरवायचा रस्ता मंडळाच्या घटनेत लिहिलेला असावा, एवढं आपण करू शकतो.

तुम्ही आणखी एक टोचरी गोष्ट लिहिलीत, "गुप्त मतदान म्हणजे पाठीत सुरा." याचं उत्तर जर्मनीत सापडतं, आणि ते थोडं तुमच्याही बाजूचं आहे. तिथे १९९८ पासून नियम आहे की क्लबच्या कंपनीत निम्म्याहून एक जास्त मत सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला काही हिस्सा गुंतवणूकदाराला द्यायचा प्रस्ताव ३६ क्लबांपुढे आला. दोन तृतीयांश म्हणजे २४ मतं लागत होती, आणि बरोबर २४ पडली. हॅनोव्हर ९६ या क्लबच्या सभासद संस्थेने आपल्या प्रतिनिधीला विरोधात मत द्यायला बजावलं होतं. मतदान गुप्त असल्याने त्याने ते पाळलं की नाही हे उघड झालं नाही. पाठीराखे खवळले, आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो प्रस्ताव सोडून दिला. यावरून मी घटनेच्या मसुद्यात दोन वेगळी कलमं घातली आहेत. सभासद मत देईल ते गुप्त. निवडून आलेला पदाधिकारी सभासदांच्या वतीने कुठेही, जिल्हा संघटनेच्या बैठकीत असो की स्पर्धेच्या समितीत, मत देईल ते उघड, आणि इतिवृत्तात नावानिशी.

आणि खरी मारामारी होते ती मतदार यादीवर. सप्टेंबर २०२२ ची भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक घ्या. अध्यक्षपदाला उभा राहिलेला, भारताचा माजी कर्णधार बायचुंग भूतियासारखा खेळाडू ३३ विरुद्ध १ मताने हरला. त्याआधी ३६ नामवंत खेळाडूंना मताधिकार द्यायचा विचार होता, पण फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने त्याला हरकत घेतली, महासंघाला निलंबितही केलं, आणि शेवटी मतदार उरले ते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. तेव्हा खेळाडूला मत नव्हतं, तिकीट काढून उन्हात बसणाऱ्या प्रेक्षकाचा तर विषयही निघाला नाही. यादी कोण करतो, त्यावर निकाल ठरतो. सोसायटीच्या निवडणुकीच्या तोंडावर रातोरात सभासद कसे वाढतात, ते आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. बार्सिलोनात मत द्यायला किमान वर्षभराचं सभासदत्व लागतं. आम्हीही तेच धरलं आहे. ज्याची मागच्या वर्षीची वर्गणी पावती पुस्तकात आहे त्याला मत, परवा आलेल्याला पुढच्या खेपेला.

यादी करताना दोन प्रश्न आले, त्यावर तुमचंही मत हवं आहे. पुण्याला कंपनीत गेलेले पोट्टे मोबाइलवरून वर्गणी पाठवतात, पण सामन्याला येत नाहीत. मला वाटतं त्यांना मत असावं, पण पदावर उभं राहायला गावात असणं लागावं. दुसरा प्रश्न बायांचा. वर्गणी घराच्या नावाने फाटते, पावतीवर नाव बाप्याचं. आता आमच्याकडच्या पोरीही खेळतात. त्यांच्या आया डबे भरून देतात, मैदानाच्या कडेला उभ्या राहून ओरडतात, आणि यादीत एकही नाही. एक आजी मला म्हणाल्या, "पोरगी माही खेळते, अन् मत तिच्या बापाचं काऊन?" यंदा पावती माणशी फाडायची, रक्कम कमी ठेवायची, असं आम्ही ठरवतो आहोत. तुमच्याकडेही हे करून पाहा.

सभेची वेळ हाही निवडणुकीचाच भाग आहे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळी दहाला सभा ठेवली की शेतावर जाणारा आपोआप बाद होतो. आम्ही दिवाळीनंतर, रात्री जेवणं झाल्यावर ठेवतो आहोत. यादी आठ दिवस आधी शाळेच्या फळ्यावर लागेल, शेजारी वर्षाचा जमाखर्च. मंडळ नोंदणीकृत असल्यामुळे निवडीनंतर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, ९० दिवसांत द्यावा लागतो. आजवर तो राहून जात आला, यंदा सचिवाच्या कामात तो पहिला लिहिला आहे.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक म्हणणं मी जसंच्या तसं मसुद्यात घेतलं आहे. निवडणुकीच्या नावाखाली फ्लेक्स, जेवणावळी आणि दारू चालू झाली तर खेळ मरेल, असं तुम्ही लिहिलंत. उमेदवाराने फ्लेक्स लावायचा नाही, कोणाला जेवू घालायचं नाही, सभेत पाच मिनिटं उभं राहून बोलायचं, बस्. मोडलं तर उमेदवारी रद्द. जो हरेल त्याला कार्यकारिणीत हिशोब तपासनीस म्हणून जागा, म्हणजे तो वेगळं मंडळ काढायला जाणार नाही आणि वहीवर नजरही राहील.

अडचण एकच उरली. निवडणूक अधिकारी गावातला नेमला की कोणाचा ना कोणाचा सोयरा निघतो. तुम्ही शेजारच्या गावचे, इथे कोणाचे देणेकरी नाही आणि घेणेकरी नाही, आणि मतदानाच्या विरोधात आहात हे साऱ्यांना माहीत आहे. म्हणून तुमच्याइतका चालणारा माणूस मला दुसरा दिसत नाही. त्या रात्री डबा तुमच्यासमोर उघडावा, चिठ्ठ्या तुम्ही मोजाव्यात, अशी मंडळाच्या वतीने विनंती आहे. होकार कळवा, मसुदा आणि सभासद यादीची प्रत तुमच्या घरी पोचती करतो.