जर्मन खिडकी इंदूरला कशाला?

इंदूरला बायपासच्या बाजूला माझा मामेभाऊ घर बांधतोय आणि घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. काकामंडळी म्हणतात, सोलर लाव. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, बिल शून्य, झालं पर्यावरण. पोरांना जर्मनीसारखं घर हवंय: तिहेरी काचा, फट नसलेल्या खिडक्या. मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते, म्हणून निवाडा माझ्याकडे.

पोरांना हवं ते जर्मन घर म्हणजे ‘पॅसिव्ह हाउस’, अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारं. ही करामतच आहे. पहिलं 1991 मध्ये डार्मश्टाटला राहतं झालं. तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे 15 युनिटांहून जास्त ऊर्जा लागता कामा नये, हा दंडक. पण हे गणित मुळात आतली ऊब राखायचं. इंदूरला मे महिन्यात दिवसा लू चालते आणि रात्री पठारावर वारा सुटतो. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक उगाच नाही. तिथे घर रात्री सताड उघडता आलं पाहिजे. शिवाय कूलर! त्याची हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते. घट्ट बंद घरात तो नुसता दमटपणा वाढवतो.

आणि ऊन येतं कुठून? इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं खाली. जूनमध्ये भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, म्हणजे सगळा मार छताला, आणि दिवस कलला की पश्चिमेच्या भिंतीला. दक्षिण बाजू साधा छज्जा सांभाळतो. तेव्हा पैसे आधी छतात घाला: स्लॅबवर इन्सुलेशन, वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर). उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. सोलरने एसीचं बिल उतरतं, खोली गार होत नाही. (पॅनेलची सावली पडते तेवढा फायदा, मान्य.)

जर्मनीतून उचलायचंच तर खिडकीबाहेरचं शटर उचला. उन्हाळ्यात इथे ते सकाळीच खाली ओढतात, ऊन काचेपर्यंत पोचू देत नाहीत. आतल्या पडद्याने हे होत नाही, तोवर ऊन घरात आलेलं असतं. आमच्या आजीकडे वाळ्याचे पडदे बाहेरच टांगायचे.

दुसरं, कागद. इथे घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जेचा दाखला दाखवावा लागतो, ए प्लसपासून एचपर्यंत श्रेणी. आपल्याकडे घरांच्या ऊर्जाबचतीची ‘इको निवास संहिता’ 2018 मध्ये आली, छतातून किती उष्णता यावी याची मर्यादाही तीत आहे. पण फ्लॅट बघायला गेलेला माणूस बिल्डरला मार्बल कुठलं ते विचारतो. जर्मनांनाही असले नियम गोड लागत नाहीत. 2023 मध्ये हीटिंगच्या कायद्यावरून इथल्या आघाडी सरकारातच जुंपली होती. तरी दाखला मागायची सवय मोडलेली नाही, आणि मला तरी सोलरच्या अनुदानापेक्षा तीच सवय इंदूरला हवीशी वाटते.

मामेभावाला छताचं पटलंय. पश्चिमेला मात्र दुमजली काच हवीच म्हणतो, कारण रस्ता त्या बाजूला आहे.